बिडी सुटली, मग छाती का भरते?



या वेळी वरवट बकालहून एका मुलीचे पत्र आले आहे. वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले बाजाराचे गाव. पत्र चार पानी आहे. वाचताना वाटत गेले, की हे एका घरचे गाऱ्हाणे नाही, आपल्या शंभर घरांतले आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे. ती पाळून पत्रातला मुख्य भाग खाली देते.

"आदरणीय ताई, सविनय जयभीम. माझे बाबा ५२ वर्षांचे आहेत. तरुणपणी खामगावला जिनिंगमध्ये कामाला होते, तेव्हापासून बिडी ओढतात. पुढे हातात थोडा पैसा खेळू लागला तशी सिगारेटही आली. यंदा वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन झाले. समाप्तीच्या दिवशी बाबा सर्वांसमोर उभे राहिले आणि बिडी-सिगारेट सोडल्याचे त्यांनी जाहीर केले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. आठ दिवस बरे गेले. मग खोकला सुरू झाला. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दादा आला. त्याने आपली इलेक्ट्रॉनिक सिगारेट बाबांना दिली. म्हणाला, 'यात धूर नसतो, नुसती वाफ असते.' आता ती ओढल्यापासून बाबांचा घसा कोरडा पडतो, छाती आवळल्यासारखी होते, रात्री खोकल्याची उबळ येते. आई म्हणते, 'बिडी होती तेव्हा बरं होतं बाप्पा! आता ना सोता झोपत, ना आम्हाले झोपू देत.' बाबा परवा म्हणाले, 'मले बिडीच मानवते.' ताई, सर्वांसमोर शब्द दिला आणि पाळता येत नाही, या लाजेने त्यांनी विहारात येणेही सोडले आहे. त्यांच्या छातीला आराम कसा पडेल? आणि तंबाखूने पाचवे शील मोडते का?"

मुली, तुझ्या पत्राला उत्तर देताना मी आधी तुझ्या आईच्या वाक्याला उत्तर देते. बिडी सोडलेल्या हजारो माणसांना त्याच एका वाक्याने पुन्हा बिडीकडे नेले आहे.

झाडणी मारली की धूळ उडते

आपल्या श्वासनळ्यांना आतून अतिशय बारीक लव असते. शेतातल्या वाऱ्याने गव्हाचे पीक डुलावे तशी ही लव सतत एकाच दिशेने, वर घशाकडे, डुलत असते. नळ्यांमधला चिकट कफ आणि त्याला चिकटलेली धूळ, काजळी, जंतू असा सगळा केर ती वर ढकलते. आपण तो न कळत गिळतो किंवा खाकरून टाकतो. छातीची ही रोजची झाडलोट आहे.

बिडीचा धूर या लवेला बधिर करतो. रोज, वर्षानुवर्षे धूर गेला की लव झडते, आखूड होते, आणि कफ मात्र वाढतो. झाडणारा झोपला आणि केर दुप्पट झाला, अशी छातीची अवस्था होते. धूर बंद झाला की काही दिवसांतच लव हळूहळू जागी होऊ लागते आणि साचलेला केर वर लोटते. म्हणून बिडी सोडल्यावर काही जणांना आधीपेक्षा जास्त खोकला येतो, कधी कळपट बेडका पडतो, घसा खवखवतो. सर्वांनाच असे होते असे नाही. ज्यांना होते त्यांचे बहुधा काही आठवड्यांत ओसरते, क्वचित काही महिने चालते.

वर्षभर बंद असलेली खोली उघडून झाडायला घेतली की धुळीचा लोट उठतो. झाडणीमुळे धूळ झाली असे आपण म्हणत नाही. धूळ होतीच, ती आता दिसली. बाबांनी पुन्हा एक बिडी ओढली तर खोकला थांबल्यासारखा वाटेलही. धूर त्या नुकत्या जाग्या झालेल्या लवेला परत बधिर करील, एवढाच त्याचा अर्थ. राखणदाराला झोपवले म्हणून चोर गेला असे होत नाही. "मले बिडीच मानवते" असे बाबांना वाटते ते यामुळे.

छाती आवळल्यासारखी वाटण्याचे दुसरेही कारण आहे. तंबाखूतल्या निकोटीनला शरीर चटावलेले असते. ते मिळाले नाही की चिडचिड, बेचैनी, झोप मोडणे, बद्धकोष्ठ, सारखी भूक, छातीत भरून आल्यासारखे वाटणे, असे सगळे होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पुष्कळसा निवळतो.

त्यातही बिडी ही सिगारेटची गरीब आणि म्हणून निरुपद्रवी बहीण आहे, हा आपल्याकडचा गैरसमज. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू जेमतेम चिमूटभर असते, हे खरे. पण ते पान सिगारेटच्या कागदासारखे आपोआप जळत राहत नाही. विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा, जोर लावून झुरका घ्यावा लागतो. त्यामुळे डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी नव्हे, जास्तच छातीत जातो.

आता चांगली बाजू आईला वाचून दाखव. शेवटचा झुरका घेतल्यावर वीस मिनिटांत नाडीचे ठोके खाली येऊ लागतात. एका दिवसाच्या आत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निघून जातो. दोन आठवडे ते तीन महिन्यांत रक्ताभिसरण सुधारते, दम कमी लागतो. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होत जाते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बिडी ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्मा होतो. वयाच्या ५२ व्या वर्षी सोडणे हे उशिरा सोडणे नाही.

वाफेच्या सिगारेटची खरी गोष्ट

तुझ्या दादाने दिलेली वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणारी नळी. आत एक तार तापते आणि द्रवाचे बारीक तुषार करते. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली आजची ही इलेक्ट्रॉनिक सिगारेट तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. म्हणजे तुझ्या दादाच्या मनात जे होते तेच त्याच्याही मनात होते. दादावर रागावू नकोस. बापाला सुटावे म्हणूनच त्याने ते केले.

पण "नुसती वाफ" हे बरोबर नाही. भाताच्या पातेल्यावरची वाफ म्हणजे पाणी. या नळीतून निघतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या द्रवांचे तुषार. त्यांत निकोटीन आणि कृत्रिम चव-वास मिसळलेले असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा ओढून घेते, म्हणून तोंड आणि घसा कोरडा पडतो. निकोटीन जास्त असेल तर घशाला झोंबते. शिवाय बाबांना सवय बिडीची, म्हणजे गाल आत जाईपर्यंत ओढण्याची. या नळीवर तसा झुरका मारला की आतला कापूस कोरडा पडून करपतो आणि करपट, जळजळीत हवा छातीत जाते. उबळ येते ती बहुधा याने. आणि त्याच वेळी जुना कफही सुटत असतो. दोन्ही त्रास एकत्र आले, आणि दोष गेला तो बिडी सोडण्यावर.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवा प्रौढ माणसांना सिगारेट सोडण्यासाठी ही नळी वापरायला सांगते, हे मी लपवणार नाही. तिथल्या डॉक्टरांचे मत असे, की ही निर्धोक नाही, पण जळत्या तंबाखूपेक्षा कमी घातक आहे, आणि तिने काही लोकांची सिगारेट सुटते. मात्र तिथे त्या द्रवात काय आणि किती असावे यावर कायद्याचे नियंत्रण आहे.

आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. भारत सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा करून इलेक्ट्रॉनिक सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, तिची जाहिरात करणे आणि साठा करणे यांवर बंदी घातली. विक्री करताना पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणजे पुण्यात दादाला मिळाली ती चोरबाजारातली. तिच्या वेष्टनावर काय छापले आहे याला अर्थ नाही, कारण ते तपासणारे कोणी नाही.

चोरबाजारातला द्रव छातीत घेणे म्हणजे काय, हे २०१९ साली अमेरिकेने पाहिले. तिथे अशा नळ्या ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा विचित्र आजार झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांपैकी मृत्यू ६८. तपासात मुख्य संशय आला तो गांजाच्या अर्काच्या नळ्यांमध्ये भेसळ केलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलकट पदार्थावर. बाबांच्या नळीत तो असेल असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी ती ओढली त्यांनाही आपल्या नळीत काय आहे हे ठाऊक नव्हते.

तेव्हा माझा सल्ला असा. पहिली गोष्ट, या नळीने त्रास होतो म्हणून बिडीकडे परत जायचे नाही. दुसरी, थोडी बिडी आणि थोडी नळी असा दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा नाही, त्यात छातीला काहीच मिळत नाही. तिसरी, ही नळी पुढची तीस वर्षे वागवायची नाही. येत्या आठवड्यातला एक दिवस ठरवून तीही बाजूला ठेवायची. तोपर्यंत हातची सुटतच नसेल तर निदान जोरात आणि लागोपाठ झुरके मारू नयेत, मध्ये पाण्याचा घोट घ्यावा, झोपण्याआधी ओढू नये. धाप लागली किंवा छातीत दुखले तर त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठावा. घरात लहान मूल असेल तर ती कुलपात ठेव. त्यातला निकोटीनचा द्रव मुलाच्या पोटात गेला तर विष आहे.

निकोटीनची तलफ भागवायला कायदेशीर आणि तपासलेले उपाय आहेत. औषधाच्या दुकानात निकोटीनचा च्युइंगम मिळतो, अंगाला चिकटवायची पट्टीही असते. डॉक्टरांना विचारून घ्यावे, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. एक चूक मात्र आपल्या भागातले लोक हमखास करतात. हा च्युइंगम खर्र्यासारखा चघळत राहतात, मग उचकी लागते, मळमळते आणि "औषध लागू पडत नाही" म्हणून फेकून देतात. तो चार-सहा वेळा सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. साधारण अर्ध्या तासाने टाकून द्यायचा.

घरच्या घरी आराम

पाणी भरपूर प्यावे म्हणजे कफ पातळ होतो, असे कोणीही सांगेल. पण तुमच्या तालुक्यात हे सांगताना मला थांबावे लागते. पूर्णेच्या खोऱ्यातला तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. मूत्रपिंडाच्या आजाराने तिथली कितीतरी घरे पोळलेली आहेत. म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी तांब्यामागून तांब्या पिऊ नये. नळयोजनेचे गोडे पाणी किंवा शुद्ध केलेले पाणीच प्यावे, कोमट करून, घोट घोट. आणि बाबांना आधीच मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती पाणी प्यायचे हे डॉक्टरच सांगतील, शेजारी नव्हे.

कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या कराव्यात. साध्या पाण्याचा वाफारा घ्यावा, त्यात काही टाकायची गरज नाही. पातेले पक्क्या जागी ठेवावे, दरवर्षी कितीतरी माणसे वाफाऱ्याच्या पाण्याने भाजतात. सुंठ-गुळाच्या काढ्याने घशाला बरे वाटते. त्याला औषध समजू नये, पण बरे वाटणे हेही काही कमी नाही. रात्री उशाला दोन उशा घ्याव्यात.

कफ काढण्याची एक रीत शिकवते. ताठ बसायचे, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, क्षणभर थांबायचे आणि आरशावर हवा फुंकून तो धूसर करतो तसा तोंड उघडे ठेवून "हाऽ" करून श्वास सोडायचा. दोन-तीनदा असे केले की कफ वर येतो, मग एकदाच खोकायचे. रात्रभर कोरडे खोकून बरगड्या दुखवण्यापेक्षा हे बरे. दम लागल्यासारखे वाटले तर शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून, श्वास घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा.

खोकला दाबणारे औषध स्वतःच्या मनाने आणू नये. कफ बाहेर पडायचा आहे आणि आपण दारच लावून घेतो, असे होते. शेजारच्याचा दम्याचा पंपही उसना घेऊ नये.

छाती जागी होत असताना तिला दुसरा धूर आणि धूळ देऊ नये. सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळ उभे राहणे, तुरीचे कुटार भरणे, कपाशीचे गंज रचणे अशी कामे या महिन्या-दोन महिन्यांत टाळता आली तर टाळावीत. नाहीतर नाका-तोंडाला नीट बसणारा मास्क लावावा. घरात चूल असेल तर बाबांचे अंथरूण चुलीपासून दूर घालावे. विहारात अगरबत्तीचा धूर होतो, तर बाबांनी खिडकीपाशी बसावे. पण विहारात यावे.

आणि एक फसवणूक टाळावी. बिडी सोडून खर्रा धरणे, याला सोडणे म्हणत नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारी प्रौढ माणसे शंभरात जेमतेम चार निघाली, पण तंबाखू खाणारी, चोळणारी, दाताला लावणारी सुमारे चोवीस. आपल्या आया-बहिणींची मशेरी यातच मोजली जाते. तुझी आई मशेरी लावत असेल तर तिनेही याच दिवसांत सोडावी. घरातले दोघे मिळून सोडतात तेव्हा कोणी कोणाला टोमणा मारू शकत नाही.

हा खोकला सोडल्याचा, की दुखण्याचा?

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. "बिडी सोडली म्हणून खोकला आहे" या समजुतीखाली दुखणे लपू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक मरणे, बेडक्यात रक्त, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, आवाज बसून न सुटणे, यांपैकी एकही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. रक्त पडले किंवा धाप लागली तर त्याच दिवशी. धूर ओढणाऱ्याला क्षयाचा धोका इतरांच्या दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिकच असतो. थुंकीची तपासणी आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये बँक खात्यात येतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती वाढली.

तुझ्या बाबांची तीस वर्षांची बिडी आणि जिनिंगमधला कापसाचा तंतू, दोन्ही छातीत गेले आहे. लक्षण असो वा नसो, एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना बिडीचे, जिनिंगचे आणि या नळीचेही खरे खरे सांगावे. लाजून लपवले तर औषध चुकते.

क्षयाचे नाव निघाले की मला कामठीचे बाबू हरदास एल. एन. आठवतात. "जयभीम" हा आपला अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हे हरदास. त्यांनी विदर्भातल्या बिडी मजुरांची संघटना बांधली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन तंबाखूच्या धुळीत बसणारी, पोटापुरतीही मजुरी न मिळणारी आपलीच माणसे ती. हरदास १९३७ च्या निवडणुकीत निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले. वय अवघे ३५. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ साली. चार वर्षांनी आपला नेता हुकला. आज औषध गावात आहे, फुकट आहे, आणि तरी आपण "बिडीचा खोकला आहे" म्हणून घरी बसून राहिलो, तर तो दोष कोणाला द्यायचा?

पाचवे शील आणि बाबांची लाज

पाचव्या शिलात मद्याची आणि मादक पेयांची नावे येतात, तंबाखूचे येत नाही. त्यावर बोट ठेवून काही उपासक म्हणतात, की बिडीने शील मोडत नाही. शब्दापुरते ते बरोबर असेल. पण मद्य का टाळायचे याचे कारण त्याच शिलात सांगितले आहे. प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. ज्या वस्तूपुढे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, जिच्यासाठी रात्री दोन वाजता चुलीतला निखारा शोधावा लागतो, मुलाच्या वहीचे पैसे मोडावे लागतात, ती वस्तू प्रमादाच्या किती जवळ आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. रोजचे ४० रुपये जात असतील तर वर्षाचे १४,६०० होतात. हे गणित घरात मोठ्याने एकदा मांडावे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्याच. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छता पाळायला, दुर्गुणांपासून दूर राहायला आणि मुलांना शिकवायला सांगितले. घरातले व्यसन हटवण्याचे काम त्यांनी बायकांच्या हाती विश्वासाने दिले. पण त्यांनी टोमण्याचे हत्यार दिले नव्हते, हेही लक्षात ठेवू या.

शील ही शिक्षा नव्हे, शिकण्याची पायरी आहे. आपण ते पुन्हा पुन्हा का ग्रहण करतो? माणूस चुकतो हे गृहीत धरूनच ना? बहुतेकांची बिडी पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. दोन-चारदा पडून मग सुटते. बाबांनी एखादी ओढलीही असेल तर त्यांचे आधीचे दिवस वाया गेले नाहीत. विहारातल्या मंडळींनी "काय हो, सुटली का?" असे चारचौघांत विचारू नये. जवळ जाऊन "झोप लागते का?" असे विचारावे.

तलफ आल्यावर काय करायचे, याला धम्मातच एक साधन आहे, आनापानसती. तलफ उठते, चढते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. अनित्य आहे ती. तेवढा वेळ डोळे मिटून नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहत बसायचे. श्वास लांब आहे की आखूड, एवढेच पाहायचे. ज्या श्वासाने आपण तीस वर्षे धूर ओढला, त्याच श्वासाची आता राखण करायची.

आणि शेवटी एक गोष्ट घरातल्या सर्वांसाठी. मजुरीवर गेलेल्या माणसाला बिडी म्हणजे नुसती तंबाखू नसते. "बिडी पिऊन येतो" म्हटले की मुकादम पाच मिनिटे बसू देतो. नुसते "थकलो" म्हटले तर देत नाही. पिढ्यान् पिढ्या राबलेल्या आपल्या माणसांनी विसावा मिळवला तो बिडीच्या निमित्ताने. बिडी सुटते तेव्हा तो विसावाही सुटतो, आणि माणूस जास्त कासावीस होतो तो त्याने. म्हणून मुली, बाबा जेव्हा जेव्हा बिडीला बसायचे, सकाळी चहानंतर, दुपारी धुऱ्यावर, रात्री ओट्यावर, तेव्हा तेव्हा त्यांना बसू द्या. हातात फुटाणे द्या, बडीशेप द्या, आणि जमले तर तू त्यांच्याजवळ पाच मिनिटे बस. काही काम सांगू नकोस.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा फुकट राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक २०१६ पासून चालू आहे. तंबाखूच्या पाकिटावरच तो छापलेला असतो. बाबांना लाज वाटत असेल तर पहिला फोन तू लाव.

थुंकीची तपासणी झाली की काय निघाले ते मला कळव. आणि येत्या पौर्णिमेला बाबा विहारात आले की नाही, तेही कळव.

जयभीम.